झाड उपटू नकोस, भीमा

विराट राजाला शत्रूनं पकडून नेलंय. त्रिगर्तांचा राजा सुशर्मा मत्स्य देशाच्या गाई पळवायला आला, लढाई जुंपली, रात्र पडली, आणि त्या धुमश्चक्रीत त्यानं विराटाला उचलून आपल्या रथात घातलं. मत्स्यांच्या सैन्याची पळापळ सुरू झाली. कंक नावाचा एक दरबारी ब्राह्मण बल्लव नावाच्या आचाऱ्याला म्हणतो, राजाला सोडव. वर्षभर याच्याकडे सुखानं राहिलोय. आचारी तयारच असतो. त्याची नजर शेजारच्या एका मोठ्या झाडावर जाते. हे उपटतो आणि गदेसारखं फिरवतो.

कंक म्हणतो, झाड राहू दे. झाडानं लढलास तर लोक तुला लगेच ओळखतील. माणसं वापरतात तसलं काहीतरी घे. धनुष्य घे, तलवार घे, परशू घे.

कंक म्हणजे युधिष्ठिर आणि बल्लव म्हणजे भीम हे सांगायला नको. पण भीमापुढची अडचण किती बारीक आहे ती बघा. राजाला सोडवायचंच आहे, म्हणजे हरून चालणार नाही. आणि फार चांगलं जिंकूनही चालणार नाही. एका चांगल्या आचाऱ्याला जेवढं लढता यावं, तेवढंच लढायचं.

माझा भाचा आठवीत आहे आणि मोबाईलवर कोरियन चित्रकथा वाचतो. त्यांत एक ठरलेला नायक असतो: वर्गातला, टोळीतला किंवा कसल्याशा राक्षस मारणाऱ्या पथकातला सगळ्यात कमजोर समजला जाणारा पोरगा. प्रत्यक्षात तो सगळ्यांचा बाप असतो, फक्त ते लपवत असतो. मी त्याला म्हणाले, अरे, हे तर विराटपर्व झालं. त्यावर तो म्हणाला, "पण मावशी, त्यात सस्पेन्स कुठाय? ते पांडव आहेत हे आधीच माहीत असतं ना."

हे उत्तर माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेलं नाही. कारण आपली ताकद लपवणाऱ्या नायकाची गोष्ट चालते ती नेमकी त्यामुळेच. वाचणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं म्हणून. ते कसं, हे विराटपर्वच हाताशी घेऊन बघू. या प्रकारच्या जवळपास सगळ्या युक्त्या तिथं एका जागी सापडतात.

अर्धं खरं

आधी अटी. द्यूतात हरल्यावर पांडवांना १२ वर्षं वनवास आणि तेरावं वर्ष अज्ञातवास. त्या एका वर्षात कुणी ओळखलं तर पुन्हा १२ वर्षं वनात. म्हणजे लपण्याला कारण आहे, मुदत आहे आणि पकडले गेल्यास शिक्षा आहे. या तीन गोष्टी नसतील तर नायकानं ताकद का लपवावी, हेच वाचकाला कळत नाही, आणि मग तो नायक नुसता शिष्ट वाटायला लागतो.

आता सोंगं. युधिष्ठिर झाला कंक, राजाबरोबर फासे खेळणारा. भीम झाला आचारी. अर्जुन झाला बृहन्नडा, अंतःपुरात मुलींना नाचगाणं शिकवणारा षंढ. नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे. द्रौपदी सैरंध्री, राणी सुदेष्णेची केशरचना करणारी दासी.

यातलं एकही सोंग पूर्ण खोटं नाही. युधिष्ठिराला फाशांचा नाद होताच, त्या नादापायी तर ही वेळ आली. शिवाय वनवासात बृहदश्व ऋषीनं त्याला नलाची गोष्ट सांगितली आणि शेवटी अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकवलं. इंद्रप्रस्थ गमावलं तेव्हाचा युधिष्ठिर आणि विराटाच्या दरबारातला कंक यांच्यात हा फरक आहे. भीमाला खाण्याची आवड. अर्जुन स्वर्गात राहिला तेव्हा चित्रसेन गंधर्वाकडून नृत्य आणि संगीत शिकून आला होता. नकुलाला घोडे कळतात, सहदेवाला गुरं. नोकरी मागतानाही ते आपला अनुभव खराच सांगतात, फक्त एक पायरी बाजूला सरकून: मी युधिष्ठिराचा मित्र होतो, मी युधिष्ठिराचा आचारी होतो, मी द्रौपदीची दासी होते.

लपण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. साफ खोटं वर्षभर टिकत नाही. ज्याला मीठ किती घालावं हे कळत नाही, तो राजवाड्याच्या मुदपाकखान्यात चार दिवसही आचारी म्हणून खपणार नाही. म्हणून त्यांनी आपलं एक कौशल्य झाकायला दुसरं पुढे केलं. बघणाऱ्याला खरंच काहीतरी दिसत असतं, त्यामुळे मागे आणखी काही असेल अशी शंका त्याला येत नाही.

अर्जुनाच्या बाबतीत तर ही गोष्ट अगदी अंगावर दिसते. दोन्ही हातांनी बाण मारणारा तो सव्यसाची, त्यामुळे धनुष्याच्या दोरीचे घट्टे त्याच्या दोन्ही हातांवर. तो स्वतःच म्हणतो की हे व्रण झाकणं कठीण आहे, तेव्हा मी हातभर बांगड्या घालीन. उर्वशीच्या शापानं अर्जुन वर्षभर षंढ झाला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत ती नाही, परिशिष्टात गेली आहे. मला त्यानं काही बिघडलंसं वाटत नाही. घट्टे झाकणाऱ्या बांगड्या शापापेक्षा जास्त पटतात.

शस्त्रांचंही तसंच. स्मशानाजवळच्या शमीच्या झाडावर ती बांधून ठेवली आणि शेजारी एक प्रेत टांगलं, म्हणजे दुर्गंधीनं कुणी जवळ येऊ नये. वाटेत भेटलेल्या गुराख्यांना सांगितलं, ही आमची १८० वर्षांची आई, आमच्या कुळाचा हाच रिवाज आहे. दसऱ्याला शमीची पूजा करताना आपण गांडीवाची आठवण काढतो. प्रेत मात्र सोयीनं विसरतो.

कुणाला काय माहीत आहे

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येऊ. ज्या गोष्टीत गुपित असतं, तिथं तीन प्रकारची माणसं असतात. गुपित बाळगणारा, ते ठाऊक नसलेले आसपासचे, आणि वाचक. रहस्यकथेत वाचकाला अंधारातल्या मंडळींत बसवलेलं असतं. खून कुणी केला हे त्यालाही शेवटच्या पानावर कळतं. ताकद लपवणाऱ्या नायकाच्या गोष्टीत वाचकाला उचलून नायकाच्या शेजारी बसवतात. तो त्या कटात सामील असतो. त्यामुळे "हा कोण?" हा प्रश्नच उरत नाही. त्याऐवजी दुसरेच प्रश्न छळायला लागतात: आता कळेल का? किती सहन करणार हा? आणि समोरच्या त्या मूर्खाला आपण कुणाशी बोलतोय हे कळेल तेव्हा त्याचा चेहरा कसा होईल?

समीक्षक याला नाट्यात्म उपरोध म्हणतात. बोलणारा एक अर्थानं बोलतो आणि ऐकणाऱ्या आपल्याला त्यातून दुसराच अर्थ ऐकू येतो. साधं वाक्यही मग दोन मजली होतं.

याचा माझ्या मते सगळ्यात सुंदर प्रसंग विराटाच्या दरबारात घडतो. राजा गाई सोडवायला दक्षिणेकडे गेलेला असताना कौरवांनी दुसऱ्या बाजूनं आणखी गाई पळवल्या आणि त्यांच्यामागे राजपुत्र उत्तर गेला, सारथी म्हणून बृहन्नडेला घेऊन. विराट परत येतो तेव्हा बातमी येते की उत्तर जिंकला. एकट्या पोरानं भीष्म, द्रोण, कर्ण यांना पळवलं! राजा आनंदानं वेडा व्हायचा बाकी असतो. सैरंध्रीला फासे आणायला सांगतो आणि कंकाबरोबर खेळायला बसतो.

खेळता खेळता राजा म्हणतो, बघा, माझ्या मुलानं कौरवांना जिंकलं. कंक शांतपणे म्हणतो, बृहन्नडा सारथी असल्यावर का नाही जिंकणार? राजाला राग येतो. माझ्या मुलाची बरोबरी त्या षंढाशी? कंक पुन्हा तेच म्हणतो. तेव्हा राजा हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो.

युधिष्ठिराच्या नाकातून रक्त येतं. ते जमिनीवर पडायच्या आत तो ओंजळीत धरतो आणि फक्त द्रौपदीकडे बघतो. तिला कळतं. ती पाण्यानं भरलेलं सोन्याचं पात्र पुढे धरते आणि रक्त त्यात पडू देते. तेवढ्यात द्वारपाल सांगतो, उत्तर आणि बृहन्नडा दारात आहेत. युधिष्ठिर हळूच त्याच्या कानात सांगतो, एकट्या उत्तराला आत आण. कारण युद्धाबाहेर जो कुणी युधिष्ठिराचं रक्त काढेल त्याला जिवंत सोडणार नाही, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आहे.

इथं दोन मजले स्पष्ट दिसतात. राजाच्या दृष्टीनं त्यानं एका आगाऊ नोकराला धडा शिकवला. आपल्याला दिसतं ते असं, की मार खाणारा माणूस मारणाऱ्याचा जीव वाचवतोय. कंक जे बोलला तो शब्दन् शब्द खरा होता आणि तो खरा होता म्हणूनच त्याला मार बसला. हा प्रसंग वाचकाला आधी माहिती न देता लिहून बघा. एका म्हाताऱ्या ब्राह्मणाला नाकावर लागलं, एवढंच उरतं.

मोजून मारणं

ताकद असणं एक आणि ती हवी तेवढीच वापरणं वेगळं. अज्ञातवास सुरू व्हायच्या आधीच भीमानं ठरवलेलं असतं की राजाला करमणूक म्हणून मल्लांशी कुस्ती खेळीन, त्यांना पाडीन, पण मारणार नाही. आचाऱ्याच्या सोंगाला त्यानं ही एक खिडकी ठेवलेली होती, अंगातली रग थोडी बाहेर जायला. चौथ्या महिन्यात जत्रेसारखा उत्सव होतो आणि जीमूत नावाचा मल्ल सगळ्यांना आव्हान देतो. राजा बल्लवाला उतरवतो. भीमाला इच्छा नसते, पण राजाला नाही म्हणता येत नाही. आणि मग जीमूत मरतो. आधी ठरवलेलं आखाड्यात पाळता आलं नाही. राजा मात्र खूश.

ग्रीकांच्या ओडिसीमध्ये हीच अडचण ओडिसियसपुढे येते. २० वर्षांनी घरी आलेला हा राजा भिकाऱ्याच्या वेषात आपल्याच वाड्याच्या उंबऱ्याशी बसलाय. आत त्याच्या बायकोशी लग्न करायला टपलेले लोक त्याचंच अन्न खातायत. तिथला जुना भिकारी आयरस याच्याशी त्याची जुंपते आणि ते लोक मजा म्हणून दोघांची झुंज लावतात. ओडिसियस अंगावरच्या चिंध्या वर खोचतो आणि त्याच्या मांड्या बघून सगळे चपापतात. मग तो मनाशी हिशेब करतो: एका ठोशात याचा जीव घ्यावा, की हलकेच मारून पाडावं? संशय येऊ नये म्हणून हलकेच मारायचं ठरवतो. त्या हलक्या ठोशानं आयरसच्या कानाखालची हाडं मोडतात आणि तोंडातून रक्त यायला लागतं.

दोन भाषा, दोन संस्कृती, आणि दोन्हीकडे बलवान माणूस क्षणभर थांबून किती ताकद लावायची याचा हिशेब करतो. तेवढ्या क्षणात त्याच्या मनगटातली कळ आपल्याला आपल्या मनगटात जाणवते. म्हणून हा थांबलेला क्षण पुढच्या लढाईपेक्षा जास्त लक्षात राहतो.

किंमत कोण देतं

इथं मात्र मला विराटपर्वाच्या नायकांवर जरा राग आहे. लपवण्याची किंमत नेहमी लपवणाराच देतो असं नाही.

कीचक हा राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती. तो सैरंध्रीच्या मागे लागतो. ती सांगते, पाच गंधर्व माझे पती आहेत, तुझा जीव घेतील. इथंही पुन्हा अर्धं खरं. तो ऐकत नाही. ती पळत दरबारात येते, कीचक तिचे केस धरून तिला पाडतो आणि राजादेखत लाथ मारतो. दरबारात युधिष्ठिर बसलाय, भीमही आहे. प्रचलित पाठात भीम एका झाडाकडे बघायला लागतो आणि युधिष्ठिर त्याला म्हणतो, काय रे आचाऱ्या, सरपणासाठी झाड बघतोस का? लाकडं हवी असतील तर बाहेर जाऊन तोड.

सुरुवातीला सांगितलेल्या झाडाच्या आधीचं हे झाड. वरवर मालकाच्या मर्जीतल्या माणसानं आचाऱ्याला टाकलेला टोमणा. आतून भावाला दिलेली ताकीद: आत्ता नाही. आणि द्रौपदीला तो काय म्हणतो? सैरंध्री, तुला वेळकाळ कळत नाही. नटीसारखी रडत इकडे तिकडे धावतेस आणि द्यूत खेळणाऱ्यांच्या खेळात विघ्न आणतेस. सोंग टिकायला पाहिजे म्हणून बोललेलं वाक्य आहे हे कबूल. तरी पुन्हा सभा, पुन्हा फासे, पुन्हा केस धरलेली तीच बाई.

त्या रात्री ती स्वयंपाकघरात जाऊन भीमाला उठवते आणि आपले हात दाखवते. चंदन उगाळून उगाळून त्यांना घट्टे पडलेत. भीम ते हात आपल्या तोंडावर धरतो आणि रडतो. अर्जुनाचे घट्टे बांगड्यांखाली झाकलेले, हिचे घट्टे कामानं नव्यानं पडलेले. वेषांतराचं एक वर्ष पांडवांना कुठं लागलं असेल ते असेल, हिच्या तळहाताला लागलं. मग नर्तनशाळेत, मुलींच्या नाचाच्या जागी, रात्रीच्या अंधारात भीम कीचकाला ठार करतो आणि त्याचा असा गोळा करून टाकतो की हात कुठले आणि पाय कुठले हे कळू नये. शस्त्र नाही, झाड नाही, साक्षीदार नाही. सकाळी लोक म्हणतात, गंधर्वांनी मारलं.

आपल्याकडे या प्रसंगानं बरीच मुळं धरली आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याचं नाव लोक कीचकदऱ्यावरून आलं असं सांगतात. भीमानं कीचकाला तिथल्या दरीत फेकलं म्हणे. वाईचे लोक वाईलाच विराटनगरी मानतात. आणि राजस्थानात जयपूरजवळ बैराट आहेच.

पण सगळ्यात मोठं मूळ रंगभूमीवर आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगमंचावर आलं. नाटकात कुठंही इंग्रजांचं नाव नाही. तरी प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला कळत होतं की हा उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे आपला देश, सबुरीनं घ्या म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि हात शिवशिवणारा भीम म्हणजे जहाल. केसरीत टिळकांचा सहकारी असलेल्या माणसानं अज्ञातवासाच्या गोष्टीलाच अज्ञातवासात धाडलं होतं. इथंही तेच तीन प्रकारचे लोक: गुपित बाळगणारं नाटक, कटात सामील झालेला प्रेक्षक आणि ठाऊक नसलेलं सरकार. फरक इतकाच की सरकारला लवकरच कळलं. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

बिंग कशानं फुटतं

माणूस नाव बदलतो, कपडे बदलतो, बोलणं बदलतो. हाताची सवय बदलत नाही. चांगल्या गोष्टींत म्हणून ओळख पटते ती कौशल्यावरून.

नलाचीच गोष्ट घ्या, जी ऐकून युधिष्ठिर अज्ञातवासात गेला. कर्कोटक नाग चावल्यानं नलाचं रूप कुरूप झालं, बाहुक नावानं तो अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहिला. तो कुंडिनपुराला, म्हणजे परंपरेनं अमरावती जिल्ह्यातल्या आजच्या कौंडण्यपुराला येतो तेव्हा दमयंती रथाच्या आवाजावरूनच दचकते. मग ती दासीला त्याच्यावर पाळत ठेवायला सांगते. दासी येऊन सांगते, त्याच्या नजरेनं रिकामी भांडी पाण्यानं भरतात, मूठभर गवत पेटतं, हातात चोळलेली फुलं आणखी ताजी होतात. तरी दमयंती थांबते. ती त्यानं शिजवलेलं मांस मागवते आणि चाखून बघते. चेहरा, उंची, नाव, काहीही जुळत नसताना जिभेवर नवरा ओळखू येतो!

कर्णाचं उलटं. परशुरामाकडे तो ब्राह्मण म्हणून शिकतो. गुरू मांडीवर डोकं ठेवून झोपलेत, किडा मांडी पोखरतोय, आणि गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलत नाही. रक्ताच्या स्पर्शानं परशुराम जागा होतो आणि म्हणतो, एवढी वेदना ब्राह्मण सोसणार नाही, खरं सांग तू कोण. किंचाळला असता तर वाचला असता. त्याच्यातला सगळ्यात चांगला गुणच त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन गेला.

ॲरिस्टॉटलनं काव्यशास्त्रात ओळख पटण्याच्या प्रकारांची चक्क प्रतवारी लावली आहे. अंगावरच्या खुणेवरून ओळखणं त्याला सगळ्यात कमी कलेचं वाटतं, घटनांच्या ओघातून आपोआप पटलेली ओळख सगळ्यात वरची. खुणेतही तो भेद करतो: पाय धुताना म्हाताऱ्या दाईच्या हाताला ओडिसियसचा जुना व्रण लागतो ते बरं, आणि त्यानंच पुढे गुराख्यांना तो व्रण मुद्दाम दाखवणं कमी प्रतीचं. संस्कृतात या ओळखीला अभिज्ञान असा नेटका शब्द आहे. कालिदासानं तो अंगठीला जोडला. ॲरिस्टॉटलच्या फूटपट्टीनं अंगठीला गुण थोडे कमीच मिळाले असते.

पण मला आवडणारी खूण भीष्मानं सांगितली आहे. दुर्योधनाचे हेर सगळीकडे फिरून हात हलवत परत येतात. तेव्हा भीष्म म्हणतो, युधिष्ठिर जिथं असेल तिथं पाऊस वेळेवर पडेल, पीक भरघोस येईल, गाई पुष्कळ असतील आणि रोडावलेल्या नसतील, माणसं देणारी आणि गोड बोलणारी असतील. म्हणजे माणसाला शोधू नका, त्याच्या आसपास काय घडतंय ते बघा. हेरांना चेहरे शोधायला शिकवलेलं असतं. चांगुलपणा झाकायला शमीचं झाड कुठून आणणार?

भाच्याच्या चित्रकथा मी दोन-तीन वाचून पाहिल्या. चित्रं देखणी आहेत. पण बहुतेक नायकांना लपायला पुरेसं कारण नसतं आणि लपण्याची किंमत कुणीच देत नाही. दर भागात कुणीतरी गुंड अपमान करतो आणि भागाच्या शेवटी तोंडावर आपटतो. याला कथेचा आकारही जबाबदार आहे. १९३८ मध्ये आलेल्या सुपरमॅनपासून ही अडचण आहे: अंक दर महिन्याला निघायचा असेल तर चष्मा लावणाऱ्या भिडस्त पत्रकाराचं गुपित पूर्ण फुटून चालत नाही. त्याच्या अज्ञातवासाला तेरावं वर्षच नाही. आपल्याकडे "झाकली मूठ सव्वा लाखाची" म्हणतात. ती कधीतरी उघडायची आहे हे ठरलेलं नसेल, तर आत खरंच सव्वा लाख आहेत की नाही याची वाचकालाही फिकीर राहत नाही.

बाहुल्यांचे कपडे

विराटपर्वात मूठ उघडते ती बोट बोट करत. उत्तर निघतो तेव्हा बृहन्नडा चिलखत उलटंसुलटं अंगावर चढवून दाखवते आणि मुली खदाखदा हसतात. उत्तराची बहीण उत्तरा सांगते, येताना कौरवांची छान छान वस्त्रं आणा हं, आमच्या बाहुल्यांना. रणांगण दिसताच उत्तर रथातून उडी टाकून पळत सुटतो. त्याच्यामागे बृहन्नडा धावते, लांब वेणी उडतेय, तांबडी वस्त्रं फडफडतायत. कौरवांचे सैनिक हसतात. मग हळूहळू हसणं थांबतं. ती मान, ते खांदे, ते दंड. वेष बाईचा, पण हा अर्जुन तर नव्हे?

अर्जुन उत्तराला शमीच्या झाडावर चढवतो. पोरगा शस्त्रं बघून विचारतो, ही कुणाची, आणि ते पांडव आता कुठं आहेत? अर्जुन सांगतो. विश्वास बसत नाही म्हणून उत्तर अर्जुनाची दहा नावं विचारतो, अर्थासकट. एखाद्या बँकेनं खातेदाराला विचारावं तसं.

पलीकडे दुर्योधनाला आनंद होतो: ओळखला, आता पुन्हा १२ वर्षं! तेव्हा भीष्म पंचांग काढतो. दर पाच वर्षांत दोन अधिक महिने येतात. ते धरले तर १३ वर्षांवर पाच महिने आणि बारा रात्री जास्त झाल्या आहेत. अर्जुन मुदत पुरी करूनच समोर आलाय. आपल्याकडे अधिक महिना म्हटला की जावयाला अनारसे आठवतात; इथं त्याच्यावर एक राज्य टांगलेलं होतं. दुर्योधन तिथल्या तिथं सांगून टाकतो, मी राज्य देणार नाही.

लढाईचं वर्णन मोठं आहे, ते सोडते. शेवटी अर्जुन सगळ्यांना संमोहनानं गुंगवतो आणि उत्तराला खाली उतरवतो. द्रोण आणि कृप यांची पांढरी वस्त्रं घे, कर्णाचं पिवळं, अश्वत्थामा आणि दुर्योधन यांची निळी. भीष्माच्या वाटेला जाऊ नकोस, त्याला या अस्त्राचा उतारा ठाऊक आहे.

मग तो गांडीव पुन्हा शमीवर ठेवतो, वेणी घालतो आणि सारथ्याच्या जागी बसतो. नगरात सांग तू जिंकलास, असं उत्तराला बजावतो. पांडव सिंहासनांवर बसून आपली नावं सांगतील त्याला अजून तिसरा दिवस उजाडायचा असतो. त्याआधी, राजाची परवानगी घेऊन, बृहन्नडा अंतःपुरात जाते आणि ती वस्त्रं स्वतःच्या हातानं उत्तरेला देते. बाहुल्यांसाठी.